चिनी बशीवरची विलायती ढाल : कुलचिन्हांचं पोर्सेलीन कसं वाचायचं?

तळकडं (धागाकर्ता)

लिलावाच्या याद्यांत "अठराव्या शतकातली चिनी बशी, इंग्रज घराण्याच्या कुलचिन्हासह" असं वर्णन दिसलं की नजर थेट मधल्या ढालीवर जाते. सिंह की गरुड, मुकुट आहे की नाही, घराणं कुठलं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी माती बघावी, मग काठ, आणि ढाल सगळ्यांत शेवटी. ढालीची नक्कल करणं सोपं असतं, तळकड्याच्या (बशीखालच्या गोल कडेच्या) मातीची अवघड.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात : युरोपातली घराणी आपलं कुलचिन्ह रंगवलेले जेवणाचे आणि चहाचे सेट चीनमधून करून घेत. भांडं घडायचं जिंगदेझन या पोर्सेलीनच्या गावी. तिथून ते सुमारे १३०० अंशांच्या भट्टीतून पांढरं, झिलईसकट बाहेर पडे. मग नदीनं, आणि मधली मेइलिंग खिंड हमालांच्या खांद्यावरून ओलांडून कँटन (आजचं ग्वांगझो) बंदराला. कँटनच्या रंगशाळांत झिलईच्या वर मिनारंगांनी (काचेच्या भुकटीच्या रंगांनी) ढाल काढत आणि छोट्या भट्टीत ७०० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजत. सोनं त्याहून कमी आचेवर, शेवटी.

निळा कोबाल्ट मात्र झिलईच्या खाली जातो, म्हणजे तो कच्च्या भांड्यावर जिंगदेझनलाच लावावा लागतो. हा बारकावा फार उपयोगाचा आहे. ढालच निळ्यात असेल तर नमुन्याचं चित्र थेट जिंगदेझनपर्यंत गेलं होतं. काठ निळा आणि ढाल रंगीत असेल तर काम दोन गावांत, दोन वेळा झालं. दुसऱ्या प्रकारात निळ्या काठाचा माल कँटनमध्ये तयार पडून असे आणि गिऱ्हाइकाची ढाल नंतर मधे बसवली जाई. त्यामुळे काठ आणि ढाल एकाच वर्षाचे असतीलच असं नाही.

ईस्ट इंडिया कंपनी स्वतः आणायची तो माल साधा निळा-पांढरा. तो जहाजाच्या तळाशी रचत आणि त्यावर चहा, म्हणजे तळातल्या पाण्याचा ओलावा चहाला लागत नसे. कुलचिन्हांची मागणी कप्तान आणि सुपरकार्गो (जहाजावर मालाचा व्यवहार बघणारा) यांच्या खासगी व्यापारातून जाई. जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर उन्हाळ्याअखेरीस व्हाम्पोआला, म्हणजे कँटनच्या नांगरवाड्याला, लागत आणि ईशान्य वाऱ्यावर हिवाळ्यात परत फिरत. हंगाम हुकला की वर्ष गेलं. नमुना पाठवल्यापासून ताटं टेबलावर यायला दोन-तीन वर्षं सहज लागत, हे तारीख काढताना लक्षात ठेवायचं.

माती बघताना बशी पालथी घाला आणि खिडकीचा तिरपा उजेड घ्या. तळकड्याचा बिनझिलईचा भाग हाताला गुळगुळीत पण कोरडा लागतो. झिलई जिथं संपते तिथं तांबूस-तपकिरी रेघ किंवा ठिपके दिसतात, ते मातीतल्या लोहाचे. झिलई आरशासारखी सपाट नसते. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगी असते, मधूनमधून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. हे सगळं गैरहजर आणि ढाल मात्र देखणी, तर मी तिथंच थांबतो.

---

निळी_रकाबी

काठांबद्दलही लिहा ना. आणि त्या तारखा कितपत भरवशाच्या?

---

तळकडं

लिहितो. ब्रिटिश घराण्यांसाठी सुमारे ४००० सेट झाले असा अंदाज आहे. डेव्हिड सँक्चुअरी हॉवर्ड या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यांची वर्गवारीच काठाच्या आणि रंगांच्या शैलीवरून लावली. लग्नं, पदव्या, मृत्यू यांच्या नोंदींवरून शेकडो सेटच्या तारखा आधीच पक्क्या होत्या म्हणून ते जमलं. गंमत अशी की चिनी पोर्सेलीनच्या बाकीच्या निर्यात मालाच्या तारखासुद्धा आज बऱ्याच अंशी याच ढालींच्या आधारावर लावतात.

ढोबळ क्रम असा. १७२० पर्यंत हिरव्याचा जोर असलेली रंगसंगती, दाट भरलेला काठ, मधे मोठी ढाल. १७२० च्या दशकात गुलाबी रंग आला. तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होतो, आणि झिलईवर किंचित उठून दिसतो. म्हणून "१७१० ची बशी" आणि तिच्यावर गुलाबी फुलं, हे जुळत नाही. पुढं सोन्याच्या भाल्यांच्या पात्यांची ओळ असलेला काठ साधारण १७३५ पासून तीसेक वर्षं चालला. १७८५ नंतर निळा जाळीदार काठ, मधे छोटी रंगीत ढाल. कंपनीनं १७९१ मध्ये घाऊक पोर्सेलीन आणणं बंद केलं. खासगी मागण्या चालू राहिल्या पण ओघ आटला.

ढालीभोवतीची सजावट वेगळी मोजायची. साधारण १७४० पर्यंत शिरस्त्राणावरून दोन्ही बाजूंनी लोंबणारी, पानांसारखी फाटलेली कापडं. मग १७७० पर्यंत शिंपल्यासारख्या वेड्यावाकड्या, एका बाजूला कललेल्या चौकटी. त्यानंतर फावड्याच्या पात्यासारखी सरळसोट ढाल. काठ आणि चौकट यांत वीस वर्षांची तफावत आली तर एकतर जुन्या छापावरून नमुना दिला असेल, किंवा गडबड आहे.

---

राजमुद्रा_नव्हे

ढाल वाचण्याबद्दल मी भर घालतो. सुरुवातीलाच लोक आपटतात ते डाव्या-उजव्यावर. कुलचिन्हशास्त्रात उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. ढाल उभी दुभागलेली असेल तर बघणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याचं चिन्ह, उजवीकडे बायकोचं. नवऱ्याच्या ढालीच्या मधोमध बायकोची छोटी ढाल चिकटवलेली असेल तर ती माहेरची वारस आहे, भाऊ नाही किंवा हयात नाही. ढालीऐवजी चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची असेल तर मालकीण बाई आहे : दुभागलेली असेल तर विधवा, एकाच घराण्याची असेल तर अविवाहित. बाईच्या चिन्हावर शिरस्त्राण किंवा क्रेस्ट (शिरस्त्राणावरची आकृती) येत नाही.

इंग्लिश पदव्यांचे मुकुट चित्रात मोजून ओळखायचे. बॅरनच्या मुकुटावर चार मोती दिसतात. अर्लच्या मुकुटावर उंच काड्यांवर पाच मोती आणि मधे पानं. मार्क्विसला तीन पानं, दोन मोती. ड्यूकला पाच पानं, मोती नाहीत. बॅरोनेट (वंशपरंपरेनं 'सर') हा उमराव नव्हे. त्याची खूण म्हणजे छोट्या ढालीत लाल पंजा. ही पदवी १६११ पासूनची. भावंडांच्या खुणाही असतात : थोरल्याला वडील हयात असेपर्यंत वर दातेरी पट्टी, दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला पाच टोकांची चांदणी, चौथ्याला बिनपायाचा पक्षी. चंद्रकोर दिसली म्हणून तुर्कस्तानशी संबंध जोडणारी वर्णनं वाचली आहेत.

आता रंग. नमुना म्हणून बरेचदा पुस्तकात चिकटवायची छापील नावपट्टी पाठवली जाई. ती काळ्या शाईची. छापात रंग दाखवायची पद्धत सतराव्या शतकात रूढ झाली होती : उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, बघणाऱ्याच्या डावीकडून वरून खाली तिरप्या म्हणजे हिरवा, उभ्या-आडव्यांची जाळी म्हणजे काळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. कँटनच्या चिताऱ्याला हे कोण सांगणार? त्यानं रेघा इमानेइतबारे रेघा म्हणूनच उतरवल्या. त्यामुळे काळ्या-करड्या ढालीवर रेघा दिसल्या तर त्या नक्षी नाहीत, रंगांची नावं आहेत. भिंग घ्या आणि वाचा.

---

चहाची_किटली

वा! आणि मग नाव कसं शोधायचं? "सिंह आणि तीन चांदण्या" असं इंटरनेटवर टाकलं तर काहीही येतं.

---

राजमुद्रा_नव्हे

येणारच. आधी ढालीचं वर्णन ठरलेल्या क्रमानं लिहून काढा : पार्श्वभूमीचा रंग, त्यावरची मोठी आकृती, तिचा रंग, मग भोवतालच्या लहान आकृत्या, त्यांची संख्या आणि रंग. उदाहरण म्हणून थॉमस पिट घेऊ. १६९८ ते १७०९ मद्रासचा गव्हर्नर, त्या प्रसिद्ध हिऱ्याचा मालक. त्याचा सेट ब्रिटिश मागण्यांतल्या अगदी आरंभीच्या सेटपैकी. ढाल : काळी पार्श्वभूमी, मधून आडवा पट्टा, पट्ट्यावर चांदी-निळ्याचे बुद्धिबळासारखे चौकोन, भोवती तीन सोनेरी गोल नाणी. इतकं नेमकं लिहिलं की शोध सोपा होतो.

कोश दोन तऱ्हेचे असतात. बर्कच्या कोशात आडनावावरून चिन्ह मिळतं. आपल्याला उलटं हवं असतं, त्यासाठी पॅपवर्थ : तिथं मांडणी आकृत्यांवरून आहे. युरोपातल्या घराण्यांसाठी रीटस्टापचा कोश. हे सगळे जुने, कॉपीराइट संपलेले, त्यामुळे स्कॅन मिळतात. दुभागलेल्या ढालीत दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या शोधायच्या, आणि त्या दोन आडनावांचं लग्न कुठं झालं ते बघायचं. एक अर्धी दहा घराण्यांची असू शकते. दोन्ही मिळून बहुधा एकच जोडपं उरतं.

नुसता क्रेस्ट असेल, म्हणजे ढालीविना वर फक्त अर्धा सिंह किंवा हातात खंजीर, तर आशा कमी ठेवा. एकच क्रेस्ट डझनावारी घराणी वापरत. विक्रेता मात्र त्यातलं सगळ्यांत मोठं नाव निवडतो.

---

तळकडं

यात एक पुस्ती. लग्नाची तारीख ही फक्त "याच्या आधी नाही" एवढंच सांगते. स्टॅफर्डशरच्या लीक ओकओव्हर या जमीनदाराचा सेट बघा. काठावर नवरा-बायकोची आद्याक्षरं गुंफलेली आणि मधे दोघांची ढाल. लग्नाची भेट वाटावी असा थाट. पण मागणी लग्नानंतर काही वर्षांनी, १७४० च्या आसपासची. या सेटचा चीनला पाठवलेला रंगीत नमुना घराण्यात टिकून राहिला, म्हणून चितारी किती काटेकोर होता ते शेजारी ठेवून बघता येतं.

वरची मर्यादा, म्हणजे "याच्या नंतर नाही", हवी असेल तर पदवी बघा. सर झाला, उमराव झाला, बायको वारली, दुसरी केली, की चिन्ह बदलतं. साधी ढाल असेल तर माणूस पुढची पदवी मिळण्याआधीचा.

---

दर्यावर्दी

चिताऱ्यांच्या चुकांवर थोडं. नमुना म्हणून लाखेचा ठसा पाठवला तर ठीक, पण धातूचा मूळ शिक्काच पाठवला आणि त्यावरून काढलं की ढाल आरशातल्यासारखी उलटी. नवरा-बायको जागा बदलतात, तिरपा पट्टा उलटा जातो आणि तो अनौरसपणाची खूण समजून कोणीतरी खमंग कथा रचतं. लॅटिन बोधवाक्य तर अक्षर म्हणून नव्हे, आकृती म्हणून उतरवलेलं असे, त्यामुळे एखादं अक्षर उलटं किंवा गळलेलं असणं सामान्य. अशी चूक सेटमधल्या सगळ्या नगांवर सारखी असेल तर ती नमुन्यातली, एकाच बशीवर असेल तर त्या हाताची. सेट मोठा असला की दोन-तीन हात कामाला असत, हे सिंहाच्या तोंडावरून चटकन कळतं. एकात वाघ, एकात पेकिनीज कुत्रा.

इंग्रज आरमाराच्या कमोडोर अँसनचा सेट यात वेगळा. १७४३ मध्ये त्याचं 'सेंच्युरियन' जहाज कँटनला असताना शहरात आग लागली आणि त्याच्या खलाशांनी ती विझवायला मदत केली. व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेनं सेट भेट दिला अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी सेट आहेच : अँसन घराण्याच्या शगबरो हॉलमध्ये २०८ नग. मधे ब्रेडफ्रूटचं झाड, म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस, कारण प्रवासात तिनियन बेटावर त्यावर त्यांची गुजराण झाली होती. काठावर एकीकडे प्लिमथचा किनारा, दुसरीकडे पर्ल नदी. चित्रं जहाजावरचा अधिकारी पर्सी ब्रेट याच्या रेखाटनांवरून. कुलचिन्हाचा सेट म्हणजे नुसती ढाल नसते, याचा हा उत्तम नमुना.

---

सासष्टीकार

इंग्रजांवरच गाडी अडकली आहे. सुरुवात पोर्तुगीजांनी केली! राजा मनुएल पहिला १५२१ मध्ये वारला. त्याचं गोल-यंत्राचं (आकाशगोल दाखवणाऱ्या कड्यांच्या यंत्राचं) चिन्ह असलेले निळे-पांढरे नग त्याच सुमाराचे. ब्रिटिशांच्या आधी पावणेदोनशे वर्षं. पुढं मलाक्काचा कप्तान पेरु द फारिया याच्या नावाचा १५४१ चा वाडगा, तो पोर्तुगालात बेजाच्या संग्रहालयात आहे. आणि जोर्जे आल्व्हारिशच्या नावाच्या १५५२ च्या बाटल्या. त्यांच्यावरचा पोर्तुगीज मजकूर उलटा लिहिलेला आहे. लिहिणाऱ्याला ती अक्षरं आहेत एवढंच माहीत.

गोव्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. पहिली, पोर्तुगीजमध्ये या मालाला "कंपान्यिया दास इंदियास" म्हणतात. गोव्यातल्या घरांतल्या याद्यांत तेच येतं आणि वाचणारा समजतो की भांडी हिंदुस्थानात झाली. नाही, सगळी चिनीच. मकावमार्गे आलेली. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या वाड्यात असं मकावचं पोर्सेलीन बघायला मिळतं.

दुसरी, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर दोन डोक्यांचा गरुड आणि बाणांनी विद्ध हृदय दिसतं. हे घराण्याचं नव्हे, ऑगस्टिनियन संघाशी जोडलेलं चिन्ह. जुन्या गोव्यातला सांत आगुश्तीनचा पडका मनोरा त्याच संघाचा. हृदय नसेल आणि नुसता द्विमुखी गरुड असेल तर हॅब्सबर्ग राजघराणंही संभवतं, कारण १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी त्यांच्याकडे होती. तसंच 'आय एच एस' ही अक्षरं जेझुइटांची. प्रत्येक चिन्हामागं उमराव शोधू नये.

---

निळी_रकाबी

म्हणजे चिन्ह आहे याचा अर्थ घराणं 'नोबल' असा नाही?

---

राजमुद्रा_नव्हे

अजिबात नाही. देशागणिक वेगळं आहे. इंग्लंडात चिन्ह अधिकृतपणे मिळवावं लागे, पण कंपनीत पैसा केलेले अनेक जण आडनावाच्या कुठल्यातरी मोठ्या घराण्याचं चिन्ह बिनदिक्कत वापरत. हॉलंडमध्ये अशी सक्ती नव्हती. बेकर, ब्रुअर, कप्तान कोणीही चिन्ह ठेवी. डच बाजारातल्या १७२० च्या सुमाराच्या काही ताटांवर तर घराणंच नाही, प्रांतांची आणि शहरांची चिन्हं आहेत, खाली 'झीलांट' वगैरे नाव. स्वीडनमध्ये उमराव घराण्यांची स्टॉकहोमच्या सरदारभवनात क्रमांकासह नोंद आहे, त्यामुळे पडताळा सोपा. स्वीडिश कंपनी १७३१ ची, आणि स्वीडिश सेट ३०० च्या आसपास. त्यातही गॉथेनबर्गचे व्यापारी भरपूर.

शिवाय स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह असलेली भांडी आहेत. "आउस्पिसिओ रेजिस एत सेनातुस अँग्लिए" हे बोधवाक्य दिसलं की घराणं शोधत बसू नका. अमेरिकेतल्या सिनसिनाटी संघाच्या (स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या) सेटचंही तेच. जॉर्ज वॉशिंग्टननं १७८६ मध्ये घेतलेल्या सेटचे ३०२ नग होते. तो संघाचा बिल्ला आहे, वॉशिंग्टन घराण्याचं चिन्ह नाही.

---

माजघर

मराठी वाचकांसाठी एक इशारा. "पेशव्यांच्या सरदाराची कुलचिन्हांकित चिनी डिश, अठरावं शतक" अशी वस्तू विकायला येते. तिच्यावर युरोपी ढाल, दोन्ही बाजूंना हत्ती किंवा घोडे, खाली फितीवर बोधवाक्य. हे कालविसंगत आहे. आपली मुद्रा अक्षरांची. शिक्का आणि मोर्तब, ढाल नव्हे. संस्थानिकांना युरोपी पद्धतीची चिन्हं ठरवून दिली गेली ती १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी. रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्यानं ती आखली आणि निशाणांवर ती भरतकामात आली. संस्थानांची चिन्हं भांड्यांवर येतात ती त्यानंतर, आणि ती बहुतेक इंग्लिश कारखान्यांची छापील-रंगीत भांडी. वस्तू म्हणून चांगली, फक्त शंभर वर्षांनी तरुण.

मुंबईचा अपवाद म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई. १८४२ मध्ये नाइट, १८५७ मध्ये पहिले हिंदी बॅरोनेट, आणि संपत्ती चीनच्या व्यापारातलीच. त्यांच्या ढालीत घाटाच्या डोंगरांमागून उगवणारा सूर्य आहे, वर दोन मधमाश्या, क्रेस्टला मोर. बोधवाक्य उद्योग आणि औदार्य या अर्थाचं. हे चिन्ह ओळखता आलं तर जुन्या मुंबईच्या बऱ्याच वास्तूंवरही वाचता येतं.

---

खापरी

फक्त चिनीच का? स्पेनमधल्या मनिसेसची चमकदार झिलईची ताटं पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या घराण्यांसाठी होत होती. उर्बिनोच्या निकोलानं इझाबेला देस्ते हिच्यासाठी १५२४ च्या सुमारास केलेला सेट आहे. आणि जर्मनीतल्या माइसेन कारखान्याचा हंसांचा सेट : सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्रूल आणि त्याची कोलोव्राट घराण्यातली बायको यांच्या चिन्हांचा, शिल्पकार केंडलरच्या देखरेखीखाली १७३७ पासून चार-पाच वर्षांत २२०० हून जास्त नग. त्याच्यापुढं कँटनचा माल म्हणजे साधी खानावळीची भांडी.

---

तळकडं

खानावळ म्हणालात ते किंमतीच्या दृष्टीनं खरंच आहे, पण वेगळा धागा काढा. इथं मिसळलं तर मातीच्या कसोट्या चालणार नाहीत. मनिसेस आणि उर्बिनो ही कथिलाची पांढरी झिलई दिलेली मृत्तिका आहे, टवका उडाला की आत पिवळट-गुलाबी माती दिसते. पोर्सेलीन आरपार पांढरं.

---

चहाची_किटली

नकली कशी ओळखायची यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

---

दर्यावर्दी

तीन वेगळे प्रकार आहेत, एकात गुंडाळू नका.

पहिला, पॅरिसचा एदमे सॅम्सन. कारखाना १८४५ चा, आणि चिनी कुलचिन्हांच्या प्रती हा त्यांचा हातखंडा. मूळ हेतू तुटलेल्या सेटमधले नग भरून देण्याचा. माती फ्रेंच, कठीण पोर्सेलीनच, पण रंगानं किंचित करडी. झिलई फार एकसारखी. तळकड्यावर तांबूस रेघ नाही. फुलं आणि ढाल रेखीव पण निर्जीव, चिताऱ्याचा कुंचला कुठं सुटलेला नाही. तळाला लाल रंगात खोटा चिनी शिक्का किंवा दोन गुंफलेले एस असतात. कधी ते घासून काढलेले. घासलेली जागा उजेडात धरली की मंद, मॅट दिसते. सॅम्सनची बशी बरेचदा शंभर वर्षांहून जुनी असल्यानं तिच्यावर खरी झीज असते, म्हणून झिजेवर निकाल देऊ नये.

दुसरा, विसाव्या शतकातल्या प्रामाणिक प्रतिकृती. संग्रहालयांच्या दुकानांसाठी पोर्तुगालात झालेल्या बऱ्याच. तळाशी नाव असतं. नाव गेलं की 'जुनी' होते.

तिसरा आणि खरा त्रासाचा : बशी अस्सल चिनी, अठराव्या शतकातलीच, ढाल मात्र नंतरची. साधी किंवा कमी नक्षीची बशी घ्यायची, मधली फुलं आम्लानं वा घासून काढायची, ढाल रंगवायची, भाजायची. इथं मातीची कसोटी उत्तीर्ण होते. मग हे बघा. भिंगाखाली सुरीचे ओरखडे ढालीच्या रंगाच्या खालून जातात की वरून? खरी असेल तर ओरखडा रंगावरून जाईल आणि रंग कापेल. रंग ओरखड्यात भरलेला दिसला तर ढाल जेवणं झाल्यानंतर आली आहे. बशी तिरपी धरून मधल्या भागाची चकाकी काठाच्या चकाकीशी ताडा. काढलेल्या फुलांची पुसट सावली तिथं दिसते. आणि जुनं भांडं पुन्हा भट्टीत गेलं की दोनशे वर्षांत मुरलेली चरबी आणि मळ जळून झिलईत काळे बारीक ठिपके उठतात. तळकड्यावरही काळपटपणा येतो. हे ठिपके मी सगळ्यांत वजनदार पुरावा मानतो.

---

निळी_रकाबी

डागडुजी कशी ओळखायची? फोटोवरून काहीच कळत नाही.

---

खापरी

बशी तीन बोटांच्या टोकांवर तोला आणि नखानं काठावर टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठंतरी तडा आहे. नुसता टवका असेल तर आवाज बदलत नाही, म्हणून काठावरून बोट फिरवायचंच. मग अंधाऱ्या खोलीत लांब लहरीचा अतिनील दिवा. डागडुजीत भरलेल्या राळेचा (रेझिनचा) रंग दुधट किंवा पिवळट उजळतो, पोर्सेलीन तसं नाही. हल्लीच्या काही लेपांवर दिवा फसतो, तेव्हा ओठांवर टेकवून बघा : झिलई गार लागते, राळ कोमट. सुई टोचून बघणारे विक्रेते असतात. सुईनं खरा मिनारंगही ओरखडतो.

काठाच्या कडेला झिलई सुटून किड्यानं कुरतडल्यासारखी दिसते, ती भट्टीपासूनचीच, दोष नव्हे. पितळी किंवा लोखंडी टाके असलेली बशी कमी लेखू नका. टाके बहुधा जुने असतात, राळ नवी. टाक्यांसाठी मागून भोकं अर्धीच पाडलेली असतात, आरपार नाही.

---

चहाची_किटली

आणि धुवायचं कसं? चिंचेनं?

---

खापरी

देवा! चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही नको. मिनारंगांत शिसं असतं. आम्लानं रंग फिका, धुरकट होतो आणि शिसं सुटतं. त्याच कारणानं अशा ताटात वाढून जेवू नये, आमटी-लोणचं तर नाहीच.

प्लास्टिकचं घमेलं, तळाशी टॉवेलची घडी, कोमट पाणी, सौम्य द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब. एका वेळी एकच नग, अंगठ्या काढून. सोन्यावर कापूस फिरवायचा, घासणी नाही. सोनं सगळ्यांत कमी आचेवरचं, म्हणून सगळ्यांत आधी जातं. टाके किंवा राळेची डागडुजी असेल तर बुडवायचं नाही, ओल्या कापसानं पुसून लगेच कोरडं. तड्यातला काळेपणा घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरतात ते सगळ्यांत वाईट : क्षार तड्यात राहतात, वाळताना फुलतात आणि तडा पुढं सरकतो. डिशवॉशर अर्थातच नाही.

भिंतीवर टांगायचं तर स्प्रिंगची तार टाळा. ती काठाला सतत ओढून धरते, आणि जुना केसतडा एखाद्या उन्हाळ्यात आरपार जातो. उतरत्या लाकडी फळीवर, पुढं कड असलेल्या खाचेत उभं ठेवणं बरं.

---

माजघर

कोणी घरातली बशी परदेशी लिलावात पाठवायचा विचार करत असेल तर : १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या वस्तू येतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू पुरावस्तू नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो, कुरियरला देण्याआधी. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, त्यामुळे घेतानाही विक्रेत्याकडे तो मागा.

---

निळी_रकाबी

धन्यवाद सगळ्यांना. एक शेवटचं : अष्टकोनी बशी, निळा जाळीदार काठ, मधे फावड्यासारखी ढाल, ढालीत उभ्या बारीक रेघा आणि वर चंद्रकोर. तळकड्याला तांबूस रेघ आहे. काय म्हणाल?

---

राजमुद्रा_नव्हे

साधारण १७८५ ते १८००, बहुधा इंग्रज बाजार. रेघा खरंच उभ्या असतील तर पार्श्वभूमी लाल. चंद्रकोर लहान असेल आणि ढालीच्या वरच्या भागात मधोमध असेल तर दुसरा मुलगा, मोठी असेल तर मूळ चिन्हाचाच भाग. रेघांवर आणखी कुठली आकृती आहे ते भिंगानं बघून लिहा, त्याशिवाय पॅपवर्थ उघडण्यात अर्थ नाही.

---

दर्यावर्दी

आणि ढालीवरून जाणाऱ्या एखाद्या ओरखड्याचा जवळून फोटो टाका. निळा काठ जिंगदेझनचा, हे ठीक. मधली ढाल कधी आली ते त्यावरून ठरेल.